गढीवरून दिसणारं पाणी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नंदुरबार जिल्ह्यात, असं सांगितलं की ऐकणारा हसतो. आमच्याकडे समुद्र कुठला? तापी आहे, मिरची वाळत घालायच्या, हिवाळ्यात लाल होणाऱ्या पथाऱ्या आहेत, उत्तरेला सातपुडा आहे. पण म्हसावद सोडून डोंगरात शिरलं आणि धडगावच्याही पुढे, डांबर संपून माती लागेपर्यंत गेलं, की एका ठिकाणी डोंगरच तुटतो. खाली नर्मदा. धरण झाल्यापासून ती नदीसारखी दिसत नाही. दरीदरीत पाणी शिरलंय, टेकड्यांची बेटं झालीत, आणि पलीकडचा काठ धुक्यात गेला की नवख्या माणसाला तो समुद्रच वाटतो.

त्या तुटलेल्या कड्यावर एक पडकी गढी आहे. कुणा राजाची, किती शतकांपूर्वीची, ते तिथलं कुणी नक्की सांगत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिचे दोन बुरूज उभे होते, दरवाज्याची कमान शाबूत होती, आणि कड्याच्या बाजूची भिंत जागोजागी ढासळून खाली पाण्यात गेलेली होती. मधे एक कोरडं टाकं, त्यात गवत.

मला तिथे नेलं जिजाजींनी. अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. त्यांचं घर कोरीटचं, शेतकऱ्याचं. मिरची आणि कापूस. घरात एकुलता एक मुलगा. तो शिकला, आणि नोकरी लागली ती पार तिकडे, गढीच्या पायथ्याशी असलेल्या आश्रमशाळेत. घरचे म्हणाले, बदली करून घे. जिजाजी हो हो म्हणायचे आणि बदलीचं नाव काढायचे नाहीत. आठवडाभर तिकडे राहायचे, शनिवारी संध्याकाळी कोरीटला यायचे. अक्काचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, मी कॉलेजात होते, तेव्हा एकदा मला म्हणाले, "चाल, तुले समुद्र दाखाडस."

अक्काला त्यांनी त्यासाठी बूट घेऊन दिले होते. साडीवर पांढरे बूट घालून ती चढत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. वर पोचल्यावर जिजाजींनी आम्हाला सगळी गढी फिरून दाखवली. भिंतीत एक तिरपं भोक होतं. इथून पहारेकरी बंदूक रोखून बसायचा, ते म्हणाले.

"मांगला डाव तर इथून राणी देखे म्हनात तुम्ही," अक्का म्हणाली.

"राणी बी देखे. पहारेकरी जेवाले गया का मंग राणी बसे."

अक्का इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. लग्नाआधी तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात ती गंभीर पोर म्हणून ओळखली जायची.

जिजाजींना त्या गढीचं वेडच होतं. रविवारी घरी यायचं नसलं तर वर चढून भिंतीतली पिंपळाची रोपटी काढत बसायचे. पिंपळ तोडू नये म्हणून ती मुळासकट ओढून काढायची आणि खाली ओढ्याकाठी लावायची, असा त्यांचा उद्योग. त्या दिवशीही बोलता बोलता त्यांचे हात चालूच होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन आम्ही कड्याच्या भिंतीपाशी बसलो. त्यांनी खाली बोट दाखवून सांगितलं, तिथे पाण्याखाली पाडे होते, शेतं होती, मोहाची नि आंब्याची झाडं अजून तळाशी उभी आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांचे वाळके शेंडे वर दिसतात. मी म्हटलं, मला भीती वाटते. ते म्हणाले, भीती कसली, पाणीच आहे.

त्याच पाण्याने त्यांना नेलं.

भाद्रपद होता, धरण भरलेलं. सणाला घरी गेलेली पलीकडच्या पाड्यांवरची मुलं शाळेत परतली नव्हती. ती आणायला म्हणून जिजाजी होडीतून गेले. मुलांच्या घरच्यांनी सांगितलं, चार दिवसांनी पाठवतो. परत येताना वारा सुटला आणि होडी उलटली. होडीवाले दोघं उलट्या होडीला धरून राहिले, वाचले. जिजाजींना पोहता येत होतं, तरी ते सापडले नाहीत. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, नशीब, मुलं होडीत नव्हती. अक्का मान हलवायची. खरंच होतं ते.

अक्काचे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, त्याच रात्री जीप करून तिकडे गेले आणि शोध चालू होता तोवर तिकडेच राहिले. अक्काला त्यांनी नेलं नाही. सासू आधीच वारलेली, घरात चुलतसासवांचा गराडा. मी कॉलेज बुडवून तिच्याजवळ येऊन राहिले होते. ती दिवसभर दाराच्या चौकटीला धरून उभी असायची. गाडीचा आवाज आला की एक पायरी उतरायची, गाडी पुढे गेली की पुन्हा वर. मग एक दिवस नाना परत आले. एकटेच. सरकारने शोध बंद केला, एवढंच म्हणाले, आणि अंगणातल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजले.

माणूस मिळाला नाही तर त्याची क्रिया कशी करायची, हे मला तोवर माहीत नव्हतं. भटजींनी समजावून सांगितलं. पळसाच्या पानांची माणसाएवढी आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि तिला अग्नी द्यायचा. अक्का ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "नारळले त्यासनं डोकं म्हनू का मी?"

ती उठून आत गेली.

ती नको म्हणाली ते नको म्हणाली. कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची. गावात कुजबूज झाली. चुलतसासवा नानांना म्हणाल्या, तुम्ही सांगा तिला. नाना म्हणाले, "तिले वाटी तवय करसूत." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, कुणाला काढू दिला नाही. आमच्या आईने अक्काला माहेरी आणायचं म्हटलं तर अक्काच तयार नव्हती. नानांना कोण बघेल, म्हणाली. हिवाळ्यात ती बायकांबरोबर पथारीवर मिरची निवडायला बसायची, संध्याकाळी दोघांचा स्वयंपाक करायची. अशी तीन वर्षं गेली.

मी तोवर नंदुरबारला पोस्टात लागले होते. मार्गशीर्षात एका सकाळी अक्काचा फोन आला.

"गढीवर जावानं शे. येशी का?"

"कसाले?" मी विचारलं.

"अशीच. एक डाव देखानं शे मले."

मी म्हटलं, येते. आपण दोघी जाऊ असं मला वाटलं होतं; पण ठरलेल्या दिवशी मी कोरीटला पोचले तर नानाही धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन ओट्यावर बसले होते. गुडघ्यांनी ते पार खचले होते. मी अक्काकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "म्हनतस, मी बी येस."

जीप करून निघालो. म्हसावदच्या बाजारात नानांनी केळी घेतली. डोंगर लागला, वळणं सुरू झाली. मधेच अक्का म्हणाली, इथे त्यांना उलटी व्हायची, प्रत्येक वेळी, तरी बदली नको म्हणायचे. नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

गढीच्या पायथ्याशी एक पावरा आदिवासी बाई राहते. कुडाचं घर, अंगण सारवलेलं. जीप थांबली तशी ती बाहेर आली. मला वाटलं, आम्ही कोण म्हणून विचारेल. तिने सरळ नानांकडे बोट केलं. "बाबा! परत आला तू?" म्हणाली, आणि बाज ओढून त्यांच्यापुढे ठेवली.

अक्काने विचारलं, "नाना, तुमले कशी वळखस ती?"

"तवय आठेच ऱ्हाऊ मी," नाना म्हणाले. "हिन्हाच घर." म्हणजे शोधाचे ते दिवस त्यांनी या घरात काढले होते.

बाईने कोरा चहा दिला. अक्का कोण, हे तिला सांगावं लागलं नाही. मंगळसूत्राकडे तिची नजर गेली आणि तिने ती लगेच दुसरीकडे वळवली. तिच्या मुलाबद्दल नानांनी विचारलं, तर बायकोला घेऊन ऊस तोडायला गुजरातेत गेलाय, म्हणाली. नानांनी आणलेली केळी तिच्या हातात दिली. मी म्हटलं, नाना, तुम्ही इथेच थांबा, आम्ही दोघी वर जाऊन येतो. त्यांनी काठी उचलली. "चाला," म्हणाले.

त्यांना वर न्यायला किती वेळ लागला ते आता आठवत नाही. थोडं चढायचं, दगडावर टेकायचं, पुन्हा चढायचं. अक्का पुढे होती, पण दर वळणावर थांबून मागे बघत होती. वर पोचलो तेव्हा मला आधी जागाच ओळखू आली नाही. कमान पडली होती. तिचे घडीव दगड वाटेत आडवेतिडवे पसरलेले. उजवीकडचा बुरूज पिंपळाने फोडला होता. मुळं भिंतीतून आरपार निघून खाली लोंबत होती. टाकं दगडांनी अर्धं भरलेलं. फक्त खालचं पाणी तसंच होतं, निळंहिरवं, गच्च भरलेलं, त्यावर एक होडी माशीएवढी.

नाना कमानीच्या एका दगडावर बसले. अक्का कड्याच्या भिंतीजवळ, आम्ही पूर्वी जेवलो होतो त्या बाजूला गेली, पण तिथली भिंत आता नव्हतीच. ती तिथून परत आली आणि नानांच्या समोर जमिनीवर बसली.

"मले वाटे, आठे उनू का काही तरी कळी," ती म्हणाली. "शेतस का नहीत ते."

नानांनी उपरण्याने तोंड पुसलं. त्यांचा श्वास अजून खाली बसला नव्हता. मग म्हणाले, "मी बी आठेच बसू. रोज. आठून सगळ्या होड्या दिसेत."

"शोध चालू व्हता तवय?"

"हा. सरकारन्या बोटी व्हत्या, जाळं व्हतं. पन खाले झाडं शेतस ना, जाळं अडके, फाटे. मंग आठले पोऱ्या उतरनात. त्यासना गुरजी व्हता तो. कोनी सांगं नही त्यासले, आपलेआप उतरनात. बुडी मारेत, वर येत, परत बुडी मारेत." खालच्या पाण्याकडे त्यांनी काठी केली. "एक दिन एक पोऱ्या वर उनाच नही. झाडमा पाय अडकना त्यान्हा. दुसरासनी वढीसन काढा. काठवर टाका तवय हाले ना चाले. त्यान्ही माय तठेच उभी व्हती. ती रडेबी ना. नुसती देखे मन्हाकडे."

मला कळलं, आणि अक्कालाही कळलं असणार, की ती आई म्हणजे खालच्या घरातली बाई.

"त्यान्हा पोटमातून पानी काढं, तो खोकलना, डोया उघाडात. तवय मी उतरनू खाले आनि सगळासले सांगं, आते बंद करा. मन्हा पोऱ्या गया. आते दुसरी मायना नको जावाले."

अक्का त्यांच्याकडे बघत होती.

"तुम्ही सांगं?"

"मी सांगं. सरकारना साहेब म्हने, आखो दोन दिन देखूत. मीच नही म्हनं."

"आनि मले म्हनात, सरकारनी बंद करं."

"हा."

"तीन वरीस, नाना."

नानांनी दोन्ही हात काठीवर टेकवले. अक्का उठली आणि पुन्हा कड्याकडे गेली, भिंत जिथे तुटली होती अगदी तिथे. मी उठायला लागले तर नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बैस," ते म्हणाले. "ती तशी नही शे."

मी बसले, पण माझी नजर तिच्या पाठीवरून हलली नाही. वारा तिचा पदर ओढत होता. ती रडत होती की नाही हे पाठीवरून समजत नव्हतं. खालची होडी पाण्यातल्या एका टेकडीमागे गेली, मग दुसऱ्या बाजूने बाहेर आली. तेवढ्या वेळात तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तीन वर्षं तिने एका सरकारला दोष दिला होता, ज्याला तोंड नव्हतं. आता ते तोंड समोर होतं, आणि ते नानांचं होतं. ज्यांना ती रोज भाकरी वाढत होती.

ती परत आली. नानांकडे न बघता विचारलं, "तो पोऱ्या बरा शे ना आते?"

"बरा शे. लगीन व्हयनं त्यान्हं मांगला साल."

"बरं व्हयनं," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "चाल. नानासले उतरताना जास्ती त्रास व्हई. धर त्यासले तिकडून."

उतरताना त्यांचा एक हात तिच्या खांद्यावर होता आणि एक माझ्या. तिने खांदा काढून घेतला नाही, पण खाली येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही. बाईच्या अंगणात पोचल्यावर मात्र ती तिच्याजवळ गेली. अक्काला पावरी येत नाही, बाईला आमची भाषा मोडकीतोडकीच येते. अक्काने तिचे दोन्ही हात हातात घेतले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले आणि सोडले.

परतीच्या वाटेवर, डोंगर उतरण्याआधी, अक्काने ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं. मला वाटलं, तिला मळमळत असेल. ती उतरून रस्त्याकडेच्या पळसांपाशी गेली आणि पानं तोडायला लागली. थोरली थोरली, निबर, न फाटलेली पानं बघून पदरात टाकत होती. मी उतरले आणि तिच्याबरोबर तोडायला लागले. जीपमध्ये नाना होते. एकदा मी मागे पाहिलं तर त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं होतं.

क्रिया प्रकाशा या गावी केली, तापीच्या काठी. त्या सकाळी अक्काने आरशापुढे उभं राहून मंगळसूत्र स्वतःच काढलं. चुलतसासवा पुढे झाल्या होत्या. तिने हाताने थांबवलं. बांगड्या तिने हातात तशाच ठेवल्या, त्यावर कुणी काही बोलायचं धाडस केलं नाही. नदीवर नाना विधीला बसले, अक्का त्यांच्या मागे. भटजी मंत्र म्हणत पानं मांडत होते आणि बघता बघता वाळूवर एक माणूस आडवा झाला, हात, पाय, छाती. नारळ ठेवायची वेळ आली तेव्हा भटजी घुटमळले. त्यांना मागचं बोलणं आठवत असावं. अक्काने वाकून नारळ उचलला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. नानांनी अग्नी दिला. ओली पानं आधी धुरकटली, मग धडाधड पेटली, आणि इतक्या लवकर संपली की आम्ही सगळे तसेच उभे राहिलो, आता काय करायचं ते न कळल्यासारखे.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणता येत नाही. कित्येक महिने अक्का नानांशी बोलत नव्हती. वेळेवर ताट वाढायची, पाणी ठेवायची, गुडघ्यांना तेल गरम करून द्यायची. शब्द नाही. नानाही काही म्हणायचे नाहीत. खाली मान घालून जेवायचे. मी सुट्टीला जायचे तेव्हा दोघं माझ्याशी बोलायचे, एकमेकांशी नाही. पथारीवर मिरची निवडताना एकदा मी तिला म्हटलं, अक्का, त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी त्याने तेच केलं असतं.

"मी बी तेच करं असतं," ती म्हणाली. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे मला फक्त तिचे डोळे दिसत होते. "त्यासनं काही चुकनं नही. पन मन्हा नवरा व्हता तो. मले कोनी इचारं नही. घरमा उभी ऱ्हायनी मी, दारमा, आनि तठे सगळं ठरी गयं." तिने एक डागाळलेली मिरची बाजूला टाकली. "इचारं असतं तर मी हाच म्हनती. पन इचारानं व्हतं."

तिच्याजवळ बसून मी मिरची निवडत राहिले. घसा जळत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. पथारीवर ते सगळ्यांच्याच येतं.

मागच्या वर्षी नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते नीट झालं नाही. आता त्यांना उजेड कळतो, अक्षरं दिसत नाहीत. त्यांना सगळ्यात जास्त दुःख पेपर वाचता येत नाही याचं. ऑपरेशननंतर काही दिवस ते पेपर नुसता मांडीवर घेऊन बसायचे. मग एका सकाळी अक्का चहाचा कप घेऊन आली, त्यांच्या मांडीवरचा पेपर उचलला, खाली बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. बाजारभाव, लग्नातलं भांडण, मेलेल्यांच्या बातम्या, सगळं. तेव्हापासून रोज वाचते.

गेल्या भाद्रपदात मी तिथे होते. अक्का वाचत होती आणि मधेच थांबली. मी वाकून पाहिलं. धरण पूर्ण भरल्याची बातमी होती, काठच्या लोकांनी पाण्यात उतरू नये असं खाली लिहिलेलं.

"काय शे?" नानांनी विचारलं.

"पानीनं शे. धरननं."

कप नानांनी चाचपडत खाली ठेवला.

"वाच," ते म्हणाले.

तिने ती वाचली, शेवटपर्यंत, आणि पान उलटलं.